ओळीओळीत तोच कोड

डेटाबेसमधल्या नोंदींची यादी दाखवणारे पान वेबवर सगळीकडे आढळते: ग्राहकांची यादी, पावत्यांची यादी, विद्यार्थ्यांची यादी. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘खोडा’ अशी एक लिंक असते. डिसेंबर २००७ मध्ये रूबी ऑन रेल्सची २.० ही आवृत्ती आली. त्या काळात रेल्सकडून असे पान तयार करून घेतले आणि ब्राउझरमध्ये त्याचा सोर्स उघडला, तर या लिंकच्या ऑनक्लिक ॲट्रिब्यूटमध्ये एक अख्खा छोटा प्रोग्रॅम सापडे. आधी वापरकर्त्याला विचारायचे, नक्की खोडायचे का? तो हो म्हणाला तर एक फॉर्म तयार करायचा, तो दिसणार नाही अशी व्यवस्था करायची, लिंकच्या शेजारी पानात जोडायचा, त्याची पद्धत पोस्ट ठरवायची आणि लिंकचा पत्ता त्याला द्यायचा. मग एक लपलेले इनपुट बनवून त्यात ‘डिलीट’ हा शब्द भरायचा, सुरक्षेच्या टोकनसाठी दुसरे लपलेले इनपुट बनवायचे आणि शेवटी फॉर्म पाठवून द्यायचा. हा सगळा मजकूर साडेपाचशेहून अधिक अक्षरांचा होई. यादीत शंभर ओळी असतील तर तो शंभर वेळा छापला जाई. गंमत म्हणजे ओळीगणिक बदलणारी एकमेव गोष्ट, म्हणजे कोणती नोंद खोडायची तिचा पत्ता, या कोडमध्ये नसेच. तो पत्ता लिंकच्या एचरेफमध्ये आधीच असे आणि कोड फक्त तिथून तो उचलून घेई. म्हणजे पन्नास-पंचावन्न किलोबाइट मजकूर, आणि पहिल्या ओळीनंतर त्यात नवी माहिती काहीच नाही.

सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमने तयार केलेल्या पानांत अशी इनलाइन जावास्क्रिप्ट पुन्हा पुन्हा का येते आणि ती कमी कशी करावी, हा या लेखाचा विषय. त्याकडे बहुधा वेगाच्या अंगाने पाहिले जाते: पान हलके करा, बाइट वाचवा. ते खरे आहे, पण दुय्यम आहे, असे माझे मत आहे. शंभर वेळा छापलेल्या कोडचा मुख्य दोष त्याचे वजन हा नाही; त्या वागणुकीला स्वतःचा एक ठिकाणा उरत नाही, हा आहे. ‘खोडा’ म्हटल्यावर काय घडावे हे ज्ञान एकाच ठिकाणी असेल तर ते वाचता येते, तपासता येते, दुरुस्त करता येते आणि त्याच्यावर परवानगीचा नियम लावता येतो. तेच ज्ञान ओळीओळीत विखुरले की यांतले एकही धड जमत नाही. म्हणून उपायही ‘कोड उचला आणि दुसऱ्या फाइलमध्ये टाका’ एवढा सरळ नाही. आधी प्रत्येक ओळीत खरोखर वेगळे काय आहे आणि सगळ्या ओळींत सारखे काय आहे, याची निवड करावी लागते. वेगळे असेल ते माहिती म्हणून त्या ओळीजवळ राहावे आणि सारखे असेल ते कोड म्हणून एकदाच लिहावे.

ही पुनरावृत्ती आळशीपणातून आली असे समजणे अन्यायाचे होईल. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी ही भाषा घडवली, तेव्हा पाने हाताने लिहिली जात. पानात दोन-चार बटणे असत आणि बटणाच्या शेजारीच त्याचा कोड लिहिणे सोयीचे होते. पुढे पाने लिहिण्याचे काम प्रोग्रॅमकडे गेले, पण लिहिण्याची ती रीत जशीच्या तशी राहिली. टेम्प्लेटमध्ये एक लूप फिरतो, प्रत्येक फेरीत एका हेल्परला हाक मारली जाते आणि हेल्पर एचटीएमएलचा एक तुकडा परत देतो. आपण या पानात आधी नव्याण्णव वेळा बोलावले गेलो आहोत, हे त्या हेल्परला ठाऊक नसते. त्याला मागचे काही आठवत नाही, म्हणून प्रत्येक तुकडा त्याला स्वयंपूर्ण द्यावा लागतो. विकासकाला टेम्प्लेटमध्ये एकच ओळ दिसते. तिची शंभर भावंडे फक्त ब्राउझरला दिसतात. दोष इथे, जनरेटरच्या या विस्मरणात आहे. तयार झालेल्या पानावर नंतर कितीही कात्री चालवली तरी तो जात नाही.

हे ओळखणारे लोक फार आधीपासून होते. २००२ मध्ये आलेल्या एएसपी डॉट नेटमध्ये स्क्रिप्ट नोंदवण्याची सोय होती. एखादा कंट्रोल आपली स्क्रिप्ट एका किल्लीसह पानाकडे नोंदवी. त्याच किल्लीची स्क्रिप्ट आधी नोंदलेली असेल तर पान ती दुसऱ्यांदा छापत नसे. त्या पद्धतीतल्या लिंकही थोडक्या असत. पोस्टबॅक करणारे, म्हणजे फॉर्म पुन्हा सर्व्हरकडे पाठवणारे, फंक्शन पानात एकदाच लिहिलेले आणि प्रत्येक लिंकमध्ये आपले नाव सांगणारी एक छोटी हाक. त्याच तंत्रज्ञानाचे व्ह्यूस्टेट, म्हणजे पानाची स्थिती जपणारे लपवलेले क्षेत्र, पान केवढे फुगवे, हे त्यावर काम केलेल्यांना सांगायला नको. तरी स्क्रिप्टच्या बाबतीत त्यांनी विचार केला होता. वीस वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये आलेल्या रिॲक्ट १८ मध्ये हीच युक्ती पुन्हा दिसते. सर्व्हरकडून पान तुकड्या-तुकड्यांनी येते तेव्हा उशिरा आलेला भाग योग्य जागी बसवणारे फंक्शन पहिल्या वेळी पूर्ण पाठवले जाते आणि त्यानंतर फक्त दोन खुणांची छोटी हाक. जनरेटरला एवढी आठवण दिली की बराचसा प्रश्न तिथेच मिटतो.

रेल्सच्या उदाहरणाकडे परत येणे आवश्यक आहे, कारण त्याच्या मागे एक घटना आहे. मे २००५ मध्ये गूगलने वेब ॲक्सिलरेटर नावाचे साधन आणले. वापरकर्ता वाचत असलेल्या पानावरच्या लिंक ते आधीच आणून ठेवी, म्हणजे पुढचे पान लवकर उघडावे. त्या काळच्या अनेक वेब ॲप्लिकेशनमध्ये नोंद खोडणे ही एक साधी लिंक होती आणि ‘नक्की का?’ हा प्रश्न ऑनक्लिकमध्ये होता. ॲक्सिलरेटर लिंक वाची, ऑनक्लिक चालवत नसे. प्रश्न न विचारताच लिंकमागून लिंक आणली गेली आणि लोकांच्या नोंदी खोडल्या गेल्या. एचटीटीपीचा नियम मोडणारी ॲप्लिकेशने चुकली होती यात शंका नाही. गेट या पद्धतीने काही बदल घडू नये हे आधीपासूनच सांगितलेले होते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून आणखी एक गोष्ट उघड झाली. ऑनक्लिकमध्ये दडवलेला अर्थ पान नुसते वाचणाऱ्या कोणालाच दिसत नाही. ‘ही लिंक विध्वंसक आहे’ ही माहिती पानात कुठेही सांगितलेली नव्हती, फक्त अंमलात आणलेली होती. खोडणे पोस्टने व्हावे म्हणून लिंकला फॉर्म बनवणारा तो लांबलचक कोड आला खरा, पण तोही ऑनक्लिकमध्येच बसला, आणि टोकन आल्यावर आणखी लांबला.

ऑगस्ट २०१० च्या रेल्स ३ ने ही गाठ सोडवली. लिंकवर आता दोन छोटे ॲट्रिब्यूट राहिले: डेटा-मेथड, ज्यात ‘डिलीट’ लिहिलेले, आणि डेटा-कन्फर्म, ज्यात विचारायचा प्रश्न. टोकन पानाच्या हेडमधल्या मेटा टॅगमध्ये एकदाच गेले. साडेपाचशे अक्षरांच्या जागी साठ-सत्तर अक्षरे उरली, आणि ती वाचून माणसाला काय किंवा प्रोग्रॅमला काय, ही लिंक काय करते ते कळू लागले. फॉर्म बनवण्याचे ज्ञान एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये गेले आणि ती फाइल संपूर्ण पानासाठी एकदाच ऐकू लागली. हे शक्य होते ते क्लिक वर चढत जातो म्हणून. बटणावर झालेला क्लिक त्या बटणापाशी थांबत नाही. तो बाहेरच्या घटकाकडे, तिथून त्याच्या बाहेरच्या घटकाकडे असा डॉक्युमेंटपर्यंत जातो. म्हणून शंभर बटणांवर शंभर कान न लावता वर एकच कान लावता येतो आणि क्लिक कुठून आला ते विचारता येते. यालाच इव्हेंट डेलिगेशन म्हणतात. नोव्हेंबर २००० मध्ये डब्ल्यूथ्रीसीने डॉमच्या दुसऱ्या पातळीची इव्हेंटविषयीची शिफारस प्रसिद्ध केली, तिच्यात हे सगळे होते. तरी ते रोजच्या वापरात यायला दहा वर्षे गेली. इंटरनेट एक्सप्लोररची वाट वेगळी होती आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांत फॉर्मचा सबमिट इव्हेंट वर चढतच नसे. जेक्वेरीने २००९ च्या १.३ आवृत्तीत लाइव्ह हे फंक्शन देऊन हा भेद झाकायला सुरुवात केली, तेव्हा सामान्य विकासकाला ही वाट मोकळी झाली.

आता पहिला आणि सर्वांत जोरदार आक्षेप. जिझिप असताना ही चिंता कशाला? हा आक्षेप बरोबर आहे, आणि ज्यांची सगळी भिस्त बाइट वाचवण्यावर आहे त्यांनी तो मनापासून ऐकावा. जिझिपच्या पोटात डिफ्लेट आहे. ते मागच्या ३२ किलोबाइट मजकुरात तोच तुकडा आधी आला आहे का ते पाहते आणि आला असेल तर ‘इतके मागे जा, इतकी अक्षरे घ्या’ एवढेच लिहिते. एका वेळी २५८ अक्षरांपर्यंतचा तुकडा असा उचलता येतो. म्हणजे साडेपाचशे अक्षरांचा ऑनक्लिक दुसऱ्या ओळीपासून दोन-तीन खुणांत आटोपतो. तारेवरून जाणारे ओझे शंभरपट होत नाही, थोडेसेच वाढते. पण ब्राउझरच्या दारात पोचल्यावर ते सगळे पुन्हा उलगडते. पार्सरला पन्नास-पंचावन्न किलोबाइट अक्षर न अक्षर वाचावे लागतात, सर्व्हरने ते आधी तयार केलेले असतात आणि आकुंचित केलेले असतात. इथे एक न्याय मात्र केला पाहिजे: ऑनक्लिकमधला कोड पान उघडताच कंपाइल होत नाही, तो पहिल्यांदा लागेल तेव्हा होतो. म्हणून ‘शंभर हँडलर म्हणजे शंभर कंपाइलेशन’ हे काही ठिकाणी ऐकू येणारे गणित चूक आहे. प्रत्येक ओळीनंतर येणाऱ्या इनलाइन स्क्रिप्ट टॅगची गोष्ट वेगळी. तो पार्सरला थांबवतो आणि लगेच चालतो, आणि कॅलेंडरसारख्या विजेटांनी भरलेल्या फॉर्ममध्ये तो खरोखर जाणवतो. एकूण पाहता बाइटचा मुद्दा खरा असला तरी त्याच्या एकट्याच्या जोरावर एवढी उस्तवार कोणी करू नये, असेच मी म्हणेन.

मराठी पानांपुरते त्यात थोडे अधिक आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा अनुस्वार, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ‘ही नोंद खोडायची का?’ हा प्रश्न ४९ बाइटचा होतो. तोच मजकूर जेसनमधून स्क्रिप्टमध्ये घातला, तर पीएचपी आणि पायथन यांची मूळ सेटिंग प्रत्येक चिन्हाचे सहा अक्षरी संकेतात रूपांतर करतात आणि आकडा ९४ वर जातो. इंग्रजीतला तेवढाच प्रश्न जेमतेम तेरा-चौदा बाइटचा असतो. आकुंचनानंतर हा फरकही बराच पुसला जातो. पुसला जात नाही तो भाषांतरकाराचा त्रास: प्रश्नाचे वाक्य कोडच्या पोटात, संकेतांत बदललेले आणि ठिकठिकाणी विखुरलेले असेल तर मराठीची चूक शोधणार कोण? वाक्य डेटा म्हणून बाहेर आले, शक्यतो संपूर्ण यादीच्या डोक्यावर एकदाच आले, की ते भाषेची माणसेही पाहू शकतात.

सुरक्षेचा मुद्दा मला बाइटपेक्षा कितीतरी जड वाटतो. ऑनक्लिकमध्ये तीन भाषा एकमेकींच्या आत बसलेल्या असतात: बाहेर एचटीएमएल, त्यात जावास्क्रिप्ट, त्यातही अवतरणात बंद केलेला माणसाने लिहिलेला मजकूर. गोव्यातली आणि वसईतली डिसोझा, डिकॉस्टा ही आडनावे अनेक जण रोमन लिपीत डी नंतर एकेरी अवतरणचिन्ह घालून लिहितात. समजा टेम्प्लेटने असे नाव ऑनक्लिकमधल्या फंक्शनला दिले. नेटक्या टेम्प्लेटने ते चिन्ह एचटीएमएलच्या नियमाप्रमाणे सुरक्षित संकेतात बदललेलेही असते. तरीही घात होतो, कारण ब्राउझर ॲट्रिब्यूट वाचताना आधी तो संकेत उलगडतो आणि मगच मजकूर जावास्क्रिप्टच्या हवाली करतो. जावास्क्रिप्टला पुन्हा मूळ अवतरणचिन्ह दिसते आणि वाक्य तिथेच बंद होते. प्रामाणिक नावाने बटण बंद पडते. वाईट हेतूने लिहिलेल्या नावाने दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये हवा तो कोड चालतो. तेच नाव डेटा ॲट्रिब्यूटमध्ये असते तर एकदाच उलगडले गेले असते आणि कोड म्हणून कधीच वाचले गेले नसते.

याच कारणाने कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी आली. तिची पहिली आवृत्ती २०१२ मध्ये डब्ल्यूथ्रीसीची उमेदवार शिफारस झाली. कोणता कोड चालू द्यायचा हे सर्व्हर एका हेडरने सांगतो आणि वेगळी परवानगी नसेल तर सगळा इनलाइन कोड अडवला जातो, कारण तो आपण लिहिला की घुसखोराने, हे ब्राउझरला ओळखता येत नाही. पुढच्या आवृत्तीने स्क्रिप्ट टॅगला एकदा वापरायचा नॉन्स किंवा मजकुराचा हॅश देऊन ओळख पटवण्याची सोय केली. नॉन्स ऑनक्लिकवर लावता येत नाही. हॅशने ऑनक्लिकला मुभा देण्याचा मार्ग नंतर आला, पण त्याच्या नावातच ‘असुरक्षित’ हा शब्द आहे, आणि ओळीओळीत आयडी बदलत असेल तर प्रत्येक ओळीचा हॅश वेगळा. शेवटी अशा ॲप्लिकेशनला सगळ्या इनलाइन कोडसाठी दार सताड उघडे ठेवावे लागते, म्हणजे पॉलिसीचा मुख्य उपयोगच गमावावा लागतो. वागणुकीला ठिकाणा नसण्याची किंमत मी म्हणतो ती हीच.

दुसरा आक्षेप वाचनीयतेचा आहे आणि तो आदराने घेण्याजोगा आहे. बटणाकडे पाहून ते काय करते ते कळावे. कोड दूरच्या फाइलमध्ये गेला की शोधाशोध सुरू होते. एचटीएमएक्स या लायब्ररीचे कर्ते कार्सन ग्रॉस यांनी वागणूक घटकाजवळच असावी या तत्त्वाचा आग्रह धरला आहे. जेक्वेरीच्या काळात क्लासच्या नावांवर हँडलर टांगलेल्या मोठ्या फाइली ज्यांनी सांभाळल्या आहेत, त्यांना हा आग्रह पटेल. एचटीएमएलमध्ये काहीच सुगावा नसे आणि क्लासचे नाव बदलले की बटण मुके होई. पण एचटीएमएक्स घटकाजवळ काय ठेवते ते पाहिले की हा आक्षेप आपल्याच बाजूला येतो. ते ‘कुठून आणायचे’, ‘कुठे ठेवायचे’, ‘आधी काय विचारायचे’ हे ॲट्रिब्यूटमध्ये सांगते. कसे आणायचे हे लायब्ररीत एकदाच लिहिलेले असते. शिवाय यातले बरेच ॲट्रिब्यूट आतल्या घटकांना वारशाने मिळतात, त्यामुळे खोडण्याआधीचा प्रश्न टेबलवर एकदा लिहिला की सर्व ओळींना लागू होतो. जवळ हवी ती घोषणा. कृतीची सविस्तर कथा जवळ असण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप पहिल्या भेटीचा. बाहेरची फाइल म्हणजे एक विनंती जास्त. स्टीव्ह साउडर्स यांनी २००७ च्या ‘हाय परफॉर्मन्स वेब साइट्स’ या पुस्तकात स्क्रिप्ट बाहेर ठेवण्याचा नियम सांगतानाच हे मान्य केले आहे की एकाच भेटीचा हिशेब केला तर इनलाइन पान जलद उघडू शकते. बाहेरच्या फाइलचा फायदा कॅशेमुळे, पुढच्या पानांवर मिळतो. म्हणून इनलाइन म्हणजे अपराध, असे मी म्हणत नाही. गडद किंवा उजळ रंगसंगती पान रंगण्याआधी ठरवणारी पाच ओळींची स्क्रिप्ट हेडमध्ये इनलाइनच हवी, नाहीतर पांढरा झगमगाट डोळ्यांत जातो. ती एकदाच असते, तिला नॉन्स देता येतो, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुनरावृत्तीची आहे, आणि ‘इनलाइन की बाहेर’ हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे पुष्कळ चर्चा वाया जाते.

डेलिगेशनलाही मर्यादा आहेत. फोकस, ब्लर, माउसएंटर हे इव्हेंट वर चढत नाहीत. पहिल्या दोघांसाठी फोकसइन आणि फोकसआउट वापरावे लागतात. मध्येच दुसऱ्या कोणी क्लिक अडवला तर वरच्या कानाला तो ऐकूच येत नाही. बटणातल्या चित्रावर क्लिक झाला तर चित्रापासून वर जात बटण शोधावे लागते. यांहून गंभीर बाब अशी: वापरकर्त्यांनी लिहिलेले एचटीएमएल पानात दाखवत असाल तर त्यातून डेटा ॲट्रिब्यूट गाळलेच पाहिजेत. नाहीतर एखादा खोडसाळ वाचक साध्या दिसणाऱ्या लिंकवर डेटा-मेथड लिहील आणि आपला विश्वासू कोड, खऱ्या टोकनसह, त्याच्यासाठी नोंदी खोडील. स्क्रिप्ट न घुसवताही हल्ला होऊ शकतो, हे लक्षात ठेवून या मार्गाने जावे. आणि जिथे साधा फॉर्म व पोस्ट पाठवणारे बटण पुरते, तिथे जावास्क्रिप्ट लिहूच नये. खोडण्याच्या बटणाला बहुतेक वेळा तेवढेच पुरते.

आजची फ्रेमवर्क हे सगळे आपोआप करतात, मग हा विषय जुना झाला नाही का? हँडलरपुरते हे खरे आहे. रिॲक्ट सुरुवातीपासून वरच कान लावते; आधी डॉक्युमेंटवर, आणि २०२० च्या १७ व्या आवृत्तीपासून ॲप्लिकेशनच्या मुळाशी. पण पुनरावृत्ती गेली नाही, तिने जागा बदलली. सर्व्हरवर रंगवलेले पान ब्राउझरमध्ये जिवंत करायला ज्या माहितीतून ते रंगवले ती माहितीही लागते. म्हणून यादी एकदा एचटीएमएल म्हणून येते आणि तीच यादी खाली स्क्रिप्ट टॅगमध्ये जेसन म्हणून पुन्हा येते. अनेकदा पानावर न दिसणारी क्षेत्रेही तिच्यात असतात, कारण डेटाबेसमधून आलेली वस्तू तशीच पुढे ढकललेली असते. नेक्स्ट डॉट जेएस पानाचा हा डेटा १२८ किलोबाइटच्या वर गेला की विकासकाला इशारा देते, एवढी ही गोष्ट नेहमीची आहे. इथेही विचारायचा प्रश्न तोच: ब्राउझरमधल्या कोडला यातले नेमके काय लागते? नाव आणि आयडी लागत असेल तर नाव आणि आयडी द्यावे. बाकीचे पाठवणे वजनाचाच नव्हे, गोपनीयतेचाही प्रश्न आहे.

जुन्या ॲप्लिकेशनमध्ये हे काम सुरू करणाऱ्याने तयार पानांवर शोध-बदल चालवू नये. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीचे फक्त अहवाल देणारे रूप आधी लावावे. ते काही अडवत नाही, पण चालू पाहणाऱ्या इनलाइन कोडची खबर सर्व्हरला देते. खबरा हजारोंनी येतील. टेम्प्लेट आणि हेल्परप्रमाणे त्यांची वर्गवारी केली की बहुतेक खबरांचे मूळ मोजक्या हेल्परांत सापडते. त्यांतला सर्वांत जास्त वेळा बोलावला जाणारा हेल्पर आधी घ्यावा, त्याने छापलेल्या दोन ओळी शेजारी ठेवून त्यांतला फरक पाहावा, आणि तेवढाच फरक डेटा ॲट्रिब्यूटमध्ये उतरवावा.